चिपवरचं कुंकू

१

साळूबाईंचं कार्ड बजाजनगरच्या घरी, देवघरातल्या पितळी डब्यात होतं, असं त्यांचं म्हणणं. आणि त्याच दुपारी सराफ्यातल्या एका दुकानात त्याच कार्डावर सोन्याची खरेदी झाली. साळूबाईंना लिहिता-वाचता येत नाही, त्यामुळे फोनवर आलेला बँकेचा मेसेज तसाच पडून राहिला. थोरल्या मुलानं, सुदर्शननं, सहज फोन चाळला तेव्हा घरात बोंब झाली आणि तक्रार आमच्या बँकेत आली.

मी भानुमती. छत्रपती संभाजीनगरातल्या एका छोट्या सहकारी बँकेत कार्ड विभाग सांभाळते. सांभाळते म्हणजे सही माझी लागते. टाळ्या सुयशला मिळतात. सुयश माझा ज्युनिअर. इंजिनिअर झालेला, गोरागोमटा, सकाळी सकाळी डोक्याला जेल लावून येणारा. गेल्या सभेत एटीएमच्या एका लबाडीचा छडा आम्ही दोघांनी लावला म्हणून साहेबांनी अहवाल वाचून दाखवला, तर त्यात नाव एकट्या सुयशचं. मी तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. हाताला झिणझिण्या आल्या, एवढ्या वाजवल्या. घरी गेल्यावर आमचे हे, वैजनाथ, म्हणाले, "अगं, तरुण मुलगा आहे, सोडून दे." मी त्या दिवशी आमटीत मीठ घातलं नाही.

हीही तक्रार साहेबांनी मला न विचारता सुयशकडे दिली. तो आदल्या संध्याकाळी एकटाच बजाजनगरला जाऊन आला आणि सकाळी केबिनमध्ये साहेबांसमोर उभं राहून बोलायला लागला.

"सर, केस सरळ आहे. आपल्या कार्डाला मागं काळी पट्टी आहे आणि पुढं चिप. पट्टीवर जे लिहिलंय ते कायम तेच असतं, दारावरच्या नावाच्या पाटीसारखं. कुणीही उतरवून घ्यावं आणि दुसऱ्या कोऱ्या कार्डावर डकवावं. चिपचं तसं नाही. ती मशीनला दरवेळी नवं उत्तर देते. कालचं उत्तर आज चालत नाही, म्हणून तिची नक्कल होत नाही. सराफ्यातली खरेदी पट्टीवर झालीय. म्हणजे खरं कार्ड घरात आणि नक्कल बाजारात."

"नक्कल केली कुणी?" साहेब.

"त्याआधी हे कार्ड पट्टीवर फक्त एका ठिकाणी ओढलंय. गुलमंडीवर, बद्रीनाथ शेटच्या साड्यांच्या दुकानात. काउंटरला मेघा नावाची मुलगी असते. चिप असताना तिनं पट्टी का ओढली? आणि पिन म्हणाल, तर साळूबाई दुकानात मोठ्यानं सांगतात. सराफ्याच्या कॅमेऱ्यात तोंडाला स्कार्फ बांधलेली बाई दिसते. मेघा स्कार्फ बांधूनच स्कूटी चालवते."

"या शहरात उन्हाळा असो की हिवाळा, स्कूटीवरची कोणती बाई स्कार्फ बांधत नाही?" मी म्हणाले.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "आज कार्डाची चिप तपासून घ्या. चिप चालू निघाली तर उद्या संध्याकाळी त्या मुलीवर पोलिसांत तक्रार."

"मीपण जाते," मी म्हणाले. सुयशच्या कपाळावर एक आठी पडली आणि मला बरं वाटलं.

२

बजाजनगरचं घर म्हणजे कंपनीतल्या कामगारांच्या रांगेतलं एक. दाराशी तुळशीची कुंडी. चपला काढताना माझी नजर कुंडीत गेली. वाळलेली झेंडूची फुलं, दोन दुर्वा आणि लालभडक झालेला कापसाचा एक बोळा. कुणाला तरी लागलं असेल, असं वाटून मी आत गेले.

साळूबाई मूळच्या देवगाव रंगारीच्या. जमीन वाट्यानं देऊन दोन्ही लेकांजवळ राहायला आलेल्या. लेक दोघेही वाळूजला पहिल्या पाळीत, त्यामुळे घरात तीन बायका. थोरली सून अपेक्षा खासगी शाळेत शिकवते, त्या दिवशी रजा काढून थांबलेली. धाकटी संस्कृती. लग्नाला वर्ष व्हायचंय, पायात पैंजण, बोलणं सुरू झालं की थांबायचं नाव नाही.

"या बाई, बसा," साळूबाई म्हणाल्या. "त्या पोरीनं मला आजी म्हणून पाणी पाजलं आन् पाठीमागून गळा कापला. लई वाईट वाटलं बघा. पैशापरीस त्याचं वाईट वाटलं."

भिंतीवर दोन्ही लग्नांचे फोटो होते. थोरलीच्या फोटोत नवरा-नवरी सरळ उभे, पासपोर्टचा फोटो काढतात तसे. धाकटीचा फोटो मोठा, सोनेरी चौकटीचा. त्यात साळूबाई स्वतःच्या हातानं संस्कृतीच्या गळ्यात ठुशी बांधत होत्या. सोन्याच्या मण्यांची गच्च विणलेली ठुशी, मधोमध हिरवा खडा. मागं अपेक्षा आरतीचं ताट घेऊन उभी, आणि ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. ती ठुशीकडे बघत होती.

हे बघणं मला ओळखीचं वाटलं. पण त्या वेळी मला सुयशला चुकीचं ठरवायचं होतं, बाकी काही सुचत नव्हतं.

"डबा कुठं असतो?" सुयशनं विचारलं.

"देवघरात. काल ह्यो साहेब आला तवा दिवा लागला व्हता, मी म्हन्लं आता नाय काढत, उद्या बघा." साळूबाईंनी अपेक्षाला खूण केली. तिनं हात धुतले, आत गेली आणि कार्ड आणून साळूबाईंच्या हातात न देता थेट सुयशच्या हातात दिलं.

सुयशनं बरोबर आणलेल्या मशीनमध्ये ते घातलं. मशीननं लगेच पिन मागितला. कुठंही कुरकुर नाही. चिप लख्ख, नव्या नाण्यासारखी.

"झालं," सुयश म्हणाला. "काल मी सांगितलं नव्हतं का? चिप ठणठणीत असेल तर खरं कार्ड पट्टीवर ओढायची वेळच येत नाही."

"काल हे सगळ्यांसमोर सांगितलंस?" मी विचारलं.

"हो. तिघी होत्या. लोकांना समजावून सांगितलं पाहिजे मॅडम, जागरूकता वाढते."

अपेक्षानं चहा आणला. सुंदर चहा, आलं ठेचून घातलेला. "मग त्या मुलीला शिक्षा होईल?" तिनं विचारलं.

"नोकरी तर आजच गेली," सुयश म्हणाला. "शेटनं सकाळीच काढून टाकलं. उद्या पोलीस येतील."

अपेक्षाच्या हातातला ट्रे थोडासा कलला. एका कपातला चहा बशीत सांडला आणि तिनं तो कप गुपचूप स्वतःसाठी ठेवून घेतला.

३

सुयश बँकेत परतला. मी रिक्षा करून गुलमंडीला गेले. खरं कारण सांगू? मेघा निर्दोष आहे असं मला मुळीच वाटत नव्हतं. तिनं सुयशच्या हुशारीत एखादं भोक पाडून द्यावं, एवढीच माझी इच्छा होती.

मेघा दुकानाच्या पायऱ्यांवर बसली होती. बाजूला डबा, पाण्याची बाटली, मांडीवर स्कार्फ. आत बद्रीनाथ शेट गिऱ्हाइकांना पैठण्या उलगडून दाखवत होते आणि मुद्दाम बाहेर बघत नव्हते.

"घरी का नाही गेलीस?" मी विचारलं.

"काय सांगू घरी? उद्या पोलीस आमच्या गल्लीत येणार. माझ्या बहिणीचं लग्न ठरलंय मॅडम. पाहुणे काय म्हणतील, हिची बहीण कार्डं चोरते?" ती रडत नव्हती. चिडलेली होती. "मी काही केलेलं नाही. तुमच्या त्या साहेबांना सांगितलं, शेटला सांगितलं. सगळे हसले."

"मला सांग. मी सहसा हसत नाही."

तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं. बहुतेक पटलं असावं.

"त्या आजी तुळशीच्या लग्नाआधी साड्या घ्यायला आल्या. त्यांचं कार्ड मशीनमध्ये घातलं, तर मशीन घेईना. काढून बघते तर चिपवर कुंकू. हळद-कुंकवाचा हा एवढा टिळा, वाळून कडक झालेला. वर एक तांदळाचा दाणापण चिकटलेला."

"कुंकू?"

"लक्ष्मीपूजनाला पूजा केली म्हणे कार्डाची. मी म्हटलं, आजी, पुसून देऊ का? तर खवळल्या. म्हणाल्या, कुंकू पुसतेस? लेकाबाळांची आई आहे मी. मग काय करणार, पट्टी ओढली. पट्टीला कुंकू नव्हतं."

मी पायरीवर तिच्याशेजारी बसले. गुडघे दुखतात म्हणून मी पायरीवर कधी बसत नाही.

आमच्याकडे दिवाळीला काय काय पुजतात ते मला कुणी सांगायला नको. चोपड्या, केरसुणी, तिजोरीची किल्ली. आता त्यात कार्डं आली. आणि टिळा लावायचा तर तो त्या सोनेरी चौकोनावरच लागणार, कारण अख्ख्या प्लास्टिकात लक्ष्मी दिसते ती तेवढ्याच जागेत. असं कार्ड मशीनमध्ये घातलं की चिप मुकी होते. मशीन दोनदा विचारून बघतं आणि शेवटी म्हणतं, पट्टी ओढा. मोठ्या बँकांनी ही पळवाट केव्हाच बुजवली. आमची अजून उघडी आहे. सुयश ती बंद करा म्हणून दरमहा टिपण देतो आणि मी दरमहा ते टिपण बाजूला ठेवते, कारण ते सुयशचं असतं.

म्हणजे पट्टीवर खरेदी झाली याचा अर्थ नक्कलच झाली, असा होत नाही. कुंकू लागलेलं खरं कार्डही पट्टीवरच चालणार होतं.

"मॅडम, तुम्ही तरी कार्ड बघितलं ना?" मेघा म्हणाली. "होतं ना कुंकू?"

नव्हतं. चिप लख्ख होती. सुयशच्या त्याच लख्ख चिपेनं या मुलीला खोटं पाडलं होतं. आणि मेघा खरं बोलत असेल, तर कुंकवाला घाबरणाऱ्या त्या घरात कुणीतरी कुंकू पुसलं होतं.

४

सराफ्यात काकासाहेबांचं दुकान जुनं. काकासाहेब गादीवर बसून पान जुळवत होते.

"तुमचा तो पोरगा येऊन गेला की," ते म्हणाले. "मशीनचा फोटो काढला, कॅमेऱ्याचं चित्र नेलं. लई हुशार."

"त्यानं काय विचारलं?"

"किती वाजता, कोणतं मशीन, चिप का पट्टी. मी म्हणालो, मशीननं चिप घेतली नाही, आमच्या काउंटरवरच्या पोरीनं पट्टी ओढली."

"कार्डावर काही होतं?"

"कार्डाकडं कोण बघतं बाई? मी मालाकडं बघतो."

"मग माल काय घेतला?"

काकासाहेबांनी पान तोंडात घातलं आणि प्रसन्न हसले. "हे मात्र त्यानं नाही विचारलं. ठुशी घेतली."

चोरीच्या कार्डावर सोनं घेणारा माणूस ठुशी घेत नाही. तो वळं घेतो, नाणं घेतो, दुसऱ्या गल्लीत जाऊन मोडता येईल असं काहीतरी. ठुशी मोडायला नेली की घडणावळ बुडते, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

"पटकन घेतली असेल," मी म्हणाले.

"कशाची पटकन? दुपारभर बसली. इथल्या सगळ्या ठुश्या खाली काढायला लावल्या. मण्याचा आकार असाच पाहिजे, गोंडा लालच पाहिजे, आणि मधे खडा हिरवा. मी म्हणालो, ताई, लाल खडा शोभतो. नाही म्हणाली, हिरवाच. शेवटी कारागिराला बसवून खडा बदलून दिला. आणि गंमत सांगू? आरशात एकदासुद्धा बघितलं नाही. गळ्याला लावूनच बघितली नाही. घासाघीसही नाही."

हिरवा खडा मी त्याच सकाळी बजाजनगरच्या भिंतीवर पाहिला होता.

"चेहरा दिसला?"

"स्कार्फ होता. आवाज मात्र गोड. मी सहज विचारलं, कुणाला द्यायचीय? तर म्हणाली, मलाच. मी म्हणालो, मग घालून तरी बघा. तर काय म्हणाली ठाऊक आहे?"

"काय?"

"म्हणाली, आत्ता नको. सासूबाई देताहेत मला."

५

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच बजाजनगरला गेले. सुयशला मुद्दाम सांगितलं नाही. एवढं तरी माझं माझ्याजवळ असावं.

सासू एक आणि सुना दोन. अपेक्षा शाळेत जायच्या तयारीत होती. संस्कृती दारात रांगोळी काढत होती. मी तिच्याजवळ उभी राहिले आणि रांगोळीचं कौतुक केलं. ती खुलली.

"तुमच्याकडे दिवाळीला कार्डांची पूजा होते म्हणे," मी म्हणाले.

"होते ना. आत्याबाईंनी तिघींच्या कार्डांना टिळे लावले." आत बसलेल्या साळूबाईंकडे बघत ती आवाज खाली आणून हसली. "माझं तर दुसऱ्या दिवशी चालेचना. मी दिलं ओढणीला पुसून. आत्याबाईंना सांगू नका हं, घर डोक्यावर घेतील."

"आणि अपेक्षाताईंनी?"

"त्या बाई फार पाळतात. कापूस ओला करून हळूच उतरवलं आणि तो कापूस तुळशीत. मला म्हणाल्या, कुंकू कचऱ्यात टाकायचं नसतं."

मी कुंडीकडे पाहिलं. लाल बोळा अजून तिथंच होता. त्यावर अजून धूळही बसली नव्हती. दिवाळीचा कापूस मार्गशीर्षात एवढा ताजा राहत नाही.

आत येऊन मी साळूबाईंसमोर बसले. दोन्ही सुनांना बोलावलं.

"साळूबाई, कार्ड जरा आणता? तुम्ही स्वतः आणा."

त्यांनी डबा आणला, उघडला, कार्ड हातात दिलं.

"दिवाळीत याला कुंकू लावलं होतं ना तुम्ही?"

"लावलंय की. हे काय हितं..." त्यांनी कार्ड डोळ्यांजवळ नेलं. उलटं केलं, सुलटं केलं. बोटानं चिप चाचपली. मग डबा पालथा करून बघितला, जणू कुंकू घरंगळून पडलं असेल.

"कुंकू कुटं गेलं?"

त्यांनी डबा खाली ठेवला आणि दोन्ही सुनांकडे वळल्या.

"मी इचारतेय, कुंकू कुणी पुसलं?" त्यांचा आवाज चढला नाही, फाटला. "पैसं गेलं तर गेलं. माझे दोन ल्योक हायेत. दोघींच्या कपाळाला कुंकू हाय. लक्षुमीचं कुंकू पुसून माझ्या लेकांच्या जिवावर कोण उठलं ह्या घरात?"

संस्कृती पांढरी पडली. मी तिच्याकडे बघत नव्हते. मी अपेक्षाकडे बघत होते. चोरीचा आळ आला असता तर ती वकिलासारखी उभी राहिली असती, याची मला खात्री होती. पण हे तिला सोसवेना.

"पुसलं नाही आत्याबाई," ती म्हणाली. "असं बोलू नका. तुमच्या लेकाची शपथ, पुसलं नाही. कापसावर उतरवून घेतलं आणि तुळशीत ठेवलं. बाहेर कुंडीत आहे. बघा तुम्ही."

साळूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. अजून त्यांना नीट उलगडलं नव्हतं. मला सांगावं लागलं. सराफ्यात गेलेलं कार्ड नक्कल नव्हतं, खरंच होतं. कुंकवामुळे ते पट्टीवर चाललं. परवा संध्याकाळी सुयशनं तिघींना समजावलं की चिप चालू निघाली तर नक्कल सिद्ध होईल. त्याच रात्री कुंकू तुळशीत गेलं आणि काल चिप चालू निघाली. ओढणीला पुसणारीनं हे केलं नाही, कारण तिनं कापूस घेतलाच नसता. आणि जिच्याकडे ठुशी आहे ती तशीच दुसरी कशाला घेईल?

"पण तुझ्याकडं तुझं कार्ड हाय," साळूबाई अपेक्षाला म्हणाल्या. "तू कमावतीस. तुला घेता आली असती की."

अपेक्षा आत गेली आणि पुस्तकांच्या कपाटातून लाल मखमली डबी घेऊन आली. तिनं ती उघडली. ठुशीला कागद तसाच गुंडाळलेला होता.

"माझ्या पैशानं घेतली असती तर ती मी घेतलेली झाली असती," ती म्हणाली. "मला सोन्याची हौस नाही आत्याबाई. इतकी वर्षं झाली या घरात. मामंजींच्या आजारपणात मी रात्र रात्र बसले. तेव्हा तुम्ही म्हणायचात, अपेक्षा घरचीच आहे, तिला काय द्यायचं. ही आली आणि पहिल्याच दिवशी तुमच्या गळ्यातली ठुशी हिच्या गळ्यात. मी ताट धरून उभी होते. मी रोज त्या फोटोवरची धूळ पुसते. रोज माझ्या पोटात आग पडते. तुमच्या कार्डानं घेतली म्हणजे तुम्हीच दिल्यासारखं होईल, असं वाटलं. डबी उघडून बघायचाही धीर नाही झाला."

"मागितली असतीस तर नाय म्हन्ले असते व्हय मी?"

"मागून घेतली तर ती दिलेली कशी?"

या वाक्यावर मला बोलायचं होतं ते मी विसरले. माझ्या डोळ्यांसमोर बँकेची सभा आली, तिसरी रांग आली, झिणझिण्या आलेले हात आले. मग मेघा आठवली आणि मी भानावर आले.

"ते तुमचं घरातलं झालं," मी म्हणाले. "त्या मुलीनं तुझं काय घेतलं होतं? आज संध्याकाळी तिच्या दारात पोलीस जाणार होते. तू काल चहा दिलास आणि गप्प बसलीस."

"मला वाटलं, बँक पैसे भरून देईल आणि मिटेल. तिचं नाव निघालं तेव्हा..." तिनं मान खाली घातली. "तेव्हा मी घाबरले."

साळूबाई उठल्या. अपेक्षाच्या हातातली डबी त्यांनी काढून घेतली आणि देवघरात, कार्डाशेजारी, ठेवली. अपेक्षाला वाटलं असेल की आता त्या जवळ घेतील. मलाही तसंच वाटलं होतं.

"ही हितंच राहील," त्या म्हणाल्या. "तुला द्यायची का नाय, कवा द्यायची, ते मी ठरवीन. मी दिली तरच ती दिलेली. आता पायात चपला घाल. आदी त्या पोरीकडं जायचं."

६

बद्रीनाथ शेटच्या दुकानात लग्नसराईची गर्दी होती. मेघा त्या दिवशीही पायरीवर होती. साळूबाईंनी तिचा हात धरून तिला आत नेलं आणि काउंटरमागच्या खुर्चीत बसवलं. शेट काहीतरी बोलायला गेले.

"तुमी थांबा. थोरली बोलंल," साळूबाई म्हणाल्या.

अपेक्षानं स्कार्फ सोडला. पैठण्या बघणाऱ्या बायकांचे हात जागच्या जागी थांबले. तिनं सगळं सांगितलं, कार्ड, ठुशी, कापूस, कशातलंही काही वगळलं नाही. शाळेत फळ्यापुढं बोलतात तशा स्वच्छ आवाजात सांगितलं. फक्त शेवटी मेघाकडे वळून "चुकलं माझं" म्हणताना आवाज गेला.

मेघानं माफबिफ केलं नाही. "माझ्या घरी येऊन सांगा," ती म्हणाली. "माझ्या आईसमोर. शेजारणींना पण बोलवते." अपेक्षा हो म्हणाली. शेटनी खाकरून काउंटरची किल्ली पुढं सरकवली आणि मेघानं ती लगेच उचलली नाही, थोडा वेळ तशीच पडू दिली. मला ती मुलगी आवडली.

बँकेत येऊन मी साहेबांना सांगितलं की साळूबाईंनी तक्रार मागं घेतली आहे, नक्कल वगैरे काही नव्हतं, पोलिसांची गरज नाही. सुयश बाजूलाच उभा होता. त्याचं तोंड एवढंसं झालं. इतके महिने मी या क्षणाची वाट बघत होते. आला, तर नुसतं दमल्यासारखं वाटलं.

"मॅडम, तुम्हाला कळलं कसं?" बाहेर आल्यावर त्यानं विचारलं.

"एक बाई एका फोटोत एका ठुशीकडे बघत होती," मी म्हणाले. "तसं बघणं मला ओळखता येतं."

"मला नसतं आलं."

"तुला कशाला येईल?"

त्याला समजलं नाही. मग मी टेबलाच्या खणातून त्याची बाजूला ठेवलेली टिपणं काढली आणि सगळ्यांत वरच्यावर सही केली. काळ्या पट्टीवरचे व्यवहार बंद. मेघा वाचली ती कुंकवामुळे, पण पुढच्या वेळी खरोखरच कुणी पट्टी उतरवून घेतली तर कुणाच्या तुळशीत काही सापडणार नाही. पोराचं म्हणणं पहिल्यापासून बरोबर होतं. ते मान्य करताना पोटात दुखलं, तरी सही सरळ आली.

संध्याकाळी निघताना तो माझ्या टेबलाशी आला आणि या प्रकरणाचा अहवाल ठेवून गेला. साहेबांना पाठवायचा. वर लिहिलं होतं, तपास : भानुमती मॅडम. खाली बारीक अक्षरात, साहाय्य : सुयश. मी त्याला काही सांगितलं नव्हतं. एका शब्दानं मागितलं नव्हतं.

मी तो कागद दोनदा वाचला. मग चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि त्याला हाक मारून परत बोलावलं.

"तारीख चुकलीय," मी म्हणाले. "दुरुस्त कर आणि मग पाठव."